पळशाला न उतरलेला माणूस

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात, आपल्या थांब्यावर उतरणारे आणि उतरायचं विसरणारे, असं मानून चित्रपट काढणारा दिग्दर्शक नाशिक जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. गोष्ट सुचली की हे गृहस्थ नाशिक रोडला सिन्नरच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ती सांगू लागतात. ज्या प्रसंगाला तो माणूस उतरायचं विसरला, तो प्रसंग पास. उतरला, की कागद फाटला. नटांची परीक्षाही तिथेच. स्पर्धांमधून बक्षिसं मिळवलेला एक देखणा नट एकदा जीपमध्ये असा रडला, की माझेही डोळे भरून आले. लोकांनी त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि आपापल्या गावी उतरून गेले. साडू म्हणाले, "लोकांना याचं रडणं दिसलं, दुःख दिसलं नाही." नायिकाही जीपमध्येच सापडली. त्या दिवशी साडू आमच्याकडे, सिन्नरच्या वाटेवरच्या पळशाला, जेवायला यायचे होते. भरीत गार झालं, बायकोचा पारा चढला, आणि फोन आला तो थेट सिन्नरहून. "अहो भाऊ, कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक बाई शेजारणीला सासूचं गाऱ्हाणं सांगत होती. पळसं कधी गेलं कळलंच नाही!"

त्याच बाईला घेऊन सासूसुनेचा चित्रपट उभा राहिला. एका घरात राहून बारा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोघी. शेवटी जेवताना सासू म्हणते, "मीठ दे गं." सून देते. संपला चित्रपट. बाकी सगळं चित्रीकरण झालं, पण हा शेवट काही जीपमध्ये पास होईना. एका आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पुढं?" पुढे काही नाही म्हटल्यावर तिने पिशवी उचलली. "मंग उतरू दे बाबा, शिंदं आलं माझं." दोन वर्षं हेच चाललं. नायिका म्हणाली, "सर, आता मलाच मीठ नको झालंय." अखेर साडू मला म्हणाले, "भाऊ, आज शेवटचं सांगून बघतो. नाही जमलं तर कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याला देऊन टाकतो." त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसलो. सासूने मीठ मागितलं आणि पळसं आलं. गोष्ट ऐकणारा माणूस जांभई देत उतरला. हा शेवट मी पन्नासदा तरी ऐकला होता, तरीही मी आ वासून समोर बघत राहिलो. मोहदरीचा घाट लागल्यावर दचकून ओरडलो, "अरेच्चा, माझं पळसं गेलं!" साडूंनी माझा हात घट्ट धरला. आठवड्याभरात तो शेवट चित्रित झाला.

परवा नाशिकला एका छोट्या हॉलमध्ये चित्रपट दाखवला. सासूने मीठ मागितलं, दिवे लागले आणि लोक उठून पार्किंगकडे निघाले. साडू माझ्या शेजारी येऊन बसले.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम उतरला नाहीत. इतका वाईट अभिनय मी जन्मात पाहिला नाही."

"मग शेवट का ठेवलात?"

"माझ्यासाठी कुणीतरी घाट चढून आलं. तेवढं पुरे होतं मला."

हॉल रिकामा झाला, शिपाई पंखे बंद करू लागला, तरी मला उठवेना. आणि देवाशपथ सांगतो, या वेळी मी अभिनय करत नव्हतो.