पोटावरून पाहिलेली गाठ

तोंगयोंग गावाच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांत मिरानइतका चपळ हात कुणाचा नव्हता, आणि तिच्याइतकं कमी बोलणारंही कुणी नव्हतं. चाळिशी आली तरी लग्न नाही. घरात ती आणि आई. बर्फाच्या कारखान्यातल्या एका विधुराशी तिचं बरीच वर्षं गुपचूप चाललं होतं. तो वारला तेव्हा बिचारीला चारचौघांत रडताही आलं नाही. गावाच्या लेखी ती कुमारिका, आणि आईचा सगळा तोरा त्यावरच.

ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात आई सोबत आलीच. बिनलग्नाची बाई बायकांच्या डॉक्टरकडे एकटी दिसली, की गावाला आठवडाभर चघळायला विषय.

डॉक्टरांनी विचारलं, "कधी पुरुषाशी संबंध?"

मिराननं तोंड उघडायच्या आत आई कडाडली, "काहीतरीच काय विचारता डॉक्टर! कुमारिका आहे माझी पोर."

मिराननं मान खाली घातली. एक 'हो' पुरे होता.

मग आतून तपासणी नाहीच, कुमारिकेची करत नाहीत. तिथली रीतच तशी. भरपूर पाणी प्यायला लावून पोटावरूनच सोनोग्राफी केली.

"अंडाशयावर पाण्याची गाठ आहे, साधीच असावी," डॉक्टर म्हणाले. "मागची बाजू नीट दिसत नाही. आतून पाहता आलं असतं तर... असो. तीन महिन्यांनी या."

तीन महिन्यांनी पुन्हा आई शेजारी, पुन्हा पोटावरूनच. गाठ तेवढीच आहे म्हणाले.

वसंतात पोट फुगलं. कालवं फोडायच्या शेडमधल्या बायकांना तेवढंच हवं होतं. "काय गं मिरान, बाळंतिणीचं शेवाळाचं सूप कधी शिजवायचं?" मिरानही हसली. सगळं हसण्यावारी न्यायची खोडच होती मेलीला.

पोट उतरेना म्हणून ती बुसान शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली, तिथं मात्र तिनं आईला बाहेर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगून टाकलं. आतून तपासल्यावर पडद्यावर सगळं दिसलं. गाठीच्या मागच्या बाजूला भरीव मांस वाढलेलं, पोटात पाणी साठलेलं.

"हे आधीच का नाही पाहिलं कुणी?" बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन ती आईशेजारी बसली. "आई, कॅन्सर दिसतोय. पसरलाय म्हणे. मी तेव्हा गप्प बसले गं... तो बर्फाच्या कारखान्यातला..."

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तर डॉक्टरांपुढे तुझ्या आधी बोलले."