ड्रिलमधले मुर्दे आमच्या पाऱ्याचे

"आप डेड हो. हिलना मत."

असं म्हणून त्या कॉलेजच्या मुलाने माझ्या मनगटाला काळी पट्टी बांधली. हात न लावता बांधली. पट्टीची दोन टोकं चिमटीत धरून, माझ्या कातडीला बोट लागू नये अशी. गाठ सैल राहिली. मग म्हणाला, "आप खुद कस लो." मी मेलेली बाई. मीच माझी पट्टी कसली.

रायपूरमधल्या शंकर नगर कॉलनीतल्या एका शाळेचं मैदान. मागच्या वर्षीचा मे महिना संपत आलेला. शहरात पूर आला, इमारत पडली तर कोणी काय करायचं याची तालीम चालली होती. मॉक ड्रिल. साहेब लोक शामियान्यात, त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना कूलर. आम्ही मैदानाच्या मधोमध ताडपत्रीवर, उन्हात. लाल पट्टी म्हणजे गंभीर जखमी. पिवळी म्हणजे थोडं थांबू शकणारा. हिरवी म्हणजे चालता-बोलता. काळी म्हणजे मेलेला. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या कॉलनीतल्या आणि कॉलेजातल्या मुलांना मिळाल्या होत्या. कपाळाला टोमॅटो सॉस लावून ती एकमेकांचे फोटो काढत होती. काळ्या पट्ट्या सगळ्या आमच्या पाऱ्याला. पारा म्हणजे आमची वस्ती, नाल्याच्या काठची.

दोघं जण स्ट्रेचर घेऊन माझ्या डोक्याजवळून गेले. एकाने वाकून पाहिलं. दुसऱ्याने त्याला मागे ओढलं.

"इनको मत छू. इनके उठाने वाले अलग हैं."

खरंच अलग होते. मैदानाच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या गाडीजवळ आमच्याच पाऱ्यातली चार पोरं उभी केली होती. जखमींना हलवायची धावपळ संपली की त्यांनी यायचं आणि आम्हाला उचलून नेऊन एका बाजूला ओळीने ठेवायचं. आमचे मेलेले आम्हीच उचलायचे. जिवंत वाचवायचं काम बाकीच्यांचं. शहराच्या आपत्ती व्यवस्थापनात आमची जागा ही अशी ठरली होती.

माझे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये काम करायला रायपूरला आले. बापाने पण रुळांवरच जन्म घालवला. मी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी स्कूटरवर डबा बांधून घरोघर जायचं, उपाशी पोटीच्या नमुन्याची नळी भरायची, पुढच्या घरी जायचं. शंकर नगरातली निम्मी घरं माझी. दार उघडतात, सोफ्यावर बसून बाही वर करतात, हात पुढे करतात. तेव्हा माझा हात चालतो. कपभर चहा मात्र कोणी विचारत नाही. मीही कधी अपेक्षा केली नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला केली होती.

मी त्या ताडपत्रीवर कशी आले ते सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी नाला भरला. दुपारची वेळ होती. बघता बघता पाणी उंबऱ्यावरून आत आलं, मग चुलीवर, मग खाटेला लागलं. बाबांना दमा होता. आम्ही टेबलावर टेबल ठेवून त्यांना वर बसवलं. मी आपत्ती कक्षाला फोन लावला.

"कहाँ से बोल रहे हो?"

मी सांगितलं.

"नाले वाला पारा? आप लोग कहीं ऊपर चढ़ जाओ न दीदी."

वर म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही. आमच्या घरांना वर असतं कुठे. पत्रे असतात. पोरं पत्र्यावर चढली. दम लागलेल्या म्हाताऱ्याला पत्र्यावर कसं चढवायचं.

शहरात रबरी नाव होती. ती कॉलनीकडे गेली होती. तिथे गुडघाभर पाणी होतं आणि पहिल्या मजल्यावरच्या लोकांना दुधाच्या पिशव्या पोचवणं चालू होतं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला फक्त येते, येते एवढंच कळत होतं. बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे, "नाव येऊन राहिली का व?" मी म्हणायचे, "येऊन राहिली बाबा." दम्याचा पंप भिजला होता. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची, ती हळूहळू बारीक होत गेली. अंधार पडायच्या आत बाबा गेले.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मयताची गाडी आली. न बोलावता आली आणि वेळेवर आली. जिवंतपणी आमच्याकडे कोणी फिरकत नाही, मेल्यावर सगळी यंत्रणा हजर. त्या गाडीकडे बघून माझं डोकं फिरलं होतं. रडूही येत नव्हतं.

म्हणून पुढच्या वर्षी शहराने स्वयंसेवक घ्यायचं जाहीर केलं तेव्हा मी नाव दिलं. बचाव दलात. मला एवढंच हवं होतं. पुन्हा पाणी आलं तर नावेत आमच्यातलं कोणीतरी बसलेलं असावं, म्हणजे ती नाव आमच्या पाऱ्याकडे वळेल. बाकी सेवाभाव वगैरे माझ्या मनात काही नव्हतं.

प्रशिक्षणात जोड्या करायच्या होत्या. एकाने बेशुद्ध पडायचं, दुसऱ्याने उचलायचं. माझ्या वाट्याला कोणी आलं नाही. एकीने पाठदुखी सांगितली, एकीला फोन आला. शेवटी शिकवणाऱ्याने मला रबरी पुतळा दिला. मी पुतळा उचलला. त्याने पाठदुखी सांगितली नाही.

दलं ठरली त्या दिवशी माझं नाव बचावात आलं नाही, प्रथमोपचारात नाही, जेवण वाटपात तर नाहीच. आमच्या पाऱ्यातून गेलेले सगळे शव व्यवस्थापनात. मी उठून स्वयंसेवकांच्या प्रमुखांकडे गेले. ते निवृत्त इंजिनीयर, घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. दर महिन्याला त्यांचं रक्त मी काढायचे. फार सभ्य माणूस. माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, शुद्ध मराठीत.

"काका, मी बचाव दलात नाव दिलं होतं."

"ते पुढे बघू. शवाचं काम बाकीच्यांना जमत नाही हो. तुमच्या लोकांना सवय असते. वाईट वाटून घेऊ नका."

मग ते जवळ येऊन म्हणाले, "आणखी एक मदत हवी आहे. ड्रिलमध्ये मृत व्हायला आमच्यातलं कोणी तयार होत नाही. अपशकुन मानतात. बायका तर ऐकायलाच तयार नाहीत. तुम्ही बौद्ध लोक असलं काही मानत नाही. चांगलंच आहे ते. पुरोगामी आहात. पाऱ्यातून वीस-पंचवीस जण आणा. सहकार्य केलंत तर तुम्हाला बचावाच्या नावेवर घ्यायचाही विचार होईल."

आमच्या आजा-पणजांनी देव सोडले, शकुन-अपशकुन सोडले, ताठ मानेने जगता यावं म्हणून सोडले. त्याचा उपयोग शहराने हा शोधून काढला. आम्ही अपशकुन मानत नाही, म्हणून आम्ही मुर्दे. आणि हे सगळं कौतुकाच्या सुरात. हिंदीत कोणी शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते. आपल्या भाषेत, इतक्या गोड आवाजात कोणी तोंडात मारली की माणूस गाल चोळत बसतो.

मी "हव" म्हणत होकार दिला. नावेसाठी म्हटलं. त्या "हव"ची मला आजही चीड येते.

तर ड्रिल. माझ्या शेजारी शेवंता मावशी झोपली होती. साठी ओलांडलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. आल्या आल्या म्हणाली होती, "चाल व, फुकटात मरून पाहून घेऊ." सगळ्या बायका हसल्या होत्या. आता ऊन डोक्यावर आलं होतं. ताडपत्री खालून भाजत होती. माइकवरचा माणूस सांगत होता की आपली टीम किती सज्ज आहे. लाल पट्टीची पोरं एक एक करून स्ट्रेचरवरून सावलीत गेली, तिथे त्यांना सरबत मिळालं. आमचा नंबर शेवटी.

मावशी पुटपुटली, "पोरी, मले कसंतरीच होऊन राहिलं."

"थोडा वेळ, मावशी."

मग ती बोलेनाशी झाली. मी मान वळवून पाहिलं. डोळे अर्धे उघडे, नुसता पांढरा भाग दिसत होता. हात लावला तर अंग तव्यासारखं. घाम नाही. मी हात वर करून ओरडले, "इधर आइए कोई."

पट्टी बांधणारा मुलगा आला. लांब उभा राहून म्हणाला, "दीदी, डेड लोग हाथ नहीं उठाते."

मी उठून बसले. तशी शिट्टी वाजली. काका चमकतं जॅकेट घालून लगबगीने आले. त्यांनी एकदा शामियान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झोपा. तुम्ही मेलेल्या आहात."

"काका, मावशी बेशुद्ध पडली. खरोखरची. स्ट्रेचर पाठवा."

त्यांनी वाकून पाहिलं. मावशीच्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे पाहिलं.

"काळी पट्टी आहे त्यांना. काळ्यांना मध्येच उचललं तर सगळा क्रम चुकेल. पाच मिनिटं थांबा."

हा माणूस दुष्ट नव्हता. मला तेच जास्त लागलं. त्याच्या डोळ्यांसमोर एक बाई मरायला टेकली होती आणि त्याला ती आधीपासूनच मेलेली दिसत होती. टेबलावर बसलेले माझे बाबाही या लोकांना असेच दिसले असणार. फोनवरच्या त्या माणसाने नाल्याचं नाव ऐकलं आणि तिथेच काळी पट्टी बांधून टाकली. आम्ही पुरात मरत नाही. आम्हाला आधीच मेलेल्यांत धरलेलं असतं, पूर मागून येतो.

मी उभी राहिले. पट्टी दातांनी तोडली. एक स्ट्रेचर जवळूनच चाललं होतं, त्यावर सॉस लावलेला एक पोरगा आडवा होता. मी दांडा धरला.

"उतर."

"दीदी, मैं सीरियस हूँ."

"उतर म्हटलं ना."

उतरला. कोपऱ्यातली आमची चार पोरं कोणी न सांगता धावत आली. आम्ही मावशीला घेऊन निघालो, शामियान्यापुढून, सगळ्यांच्या देखत. वाटेत सरबताच्या टेबलावरचं बर्फाचं पाणी घेऊन मी तिच्या पदरावर ओतलं, तो मानेभोवती गुंडाळला. यात काही विद्या नव्हती. कुठलीही बाई हे करते. मला भीती वाटत नव्हती, राग आला होता.

ड्रिलसाठी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "साहब की सीटी के बाद निकलना है."

मी मागे चढून बसले. "भैया, ये मर गई तो मैं तेरा नाम लूँगी. चल."

त्याने गाडी काढली.

मावशी वाचली. दवाखान्यात सलाइन लागलं, संध्याकाळी डोळे उघडले. तेव्हापासून तिला उन्हात चक्कर येते, दोन घरची कामं सुटली. मैदानात मागे राहिलेल्या पोरांनी नंतर सांगितलं, आम्ही स्ट्रेचर घेऊन धावत गेलो तेव्हा शामियान्यात टाळ्या वाजल्या. साहेबांना वाटलं तेही ड्रिलमध्येच आहे. माइकवरचा माणूस म्हणाला, देखिए, कितना जीवंत प्रदर्शन.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मावशी कशी आहे ते विचारलं नाही. म्हणाले, "थोडक्यात निभावलं. साहेबांच्या लक्षात आलं नाही. पण यापुढे असा गोंधळ नको."

मी म्हटलं, "काका, तुमच्या रक्तासाठी या महिन्यापासून दुसरं कोणी येईल."

"अहो, पण त्याचा इथे काय संबंध?"

मी फोन ठेवला. त्यांना संबंध दिसणारही नाही. मला दिसला, तेवढं बस झालं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी पाऱ्यातल्या बायकांना थांबवून घेतलं. सगळं सांगितलं, माझ्या "हव"सकट. कोपऱ्यातून शेवंता मावशी म्हणाली, "मी त आता मराले नाई जात बाप्पा. ज्याले हौस आहे त्यानं मरावं." कोणी हसलं नाही. तिची सून म्हणाली, "काहून आपणच? त्याईचे पोट्टे काहून नाई झोपत तिथं?" हा प्रश्न आम्हाला आधी कधी पडलाच नव्हता. तिथेच ठरलं. शव दलातली पोरं बाहेर पडली. बचाव दलासाठी पाऱ्यातून आम्ही सगळ्यांनी मिळून नावं दिली. आपत्ती कक्षात जाऊन दिली, उभ्या उभ्या, पोच घेऊन. पावसाळाभर रबरी नाव आमच्या नाल्याकाठी बांधून ठेवा, हेही लिहून दिलं. उत्तर आलं नाही. आम्ही पुन्हा गेलो. साहेब नवा रायपुरला, सरकारी कचेऱ्यांच्या नव्या शहरात, मीटिंगला गेल्याचं कळलं. मग आम्ही नवा रायपुरला गेलो. बस मिळायला अर्धा दिवस गेला, भेट काही मिळाली नाही.

या वर्षी मेमध्ये पुन्हा कक्षातून फोन आला. कोणी नवा माणूस होता.

"दीदी, पिछली बार जैसे बीस-पच्चीस लोग भेज देना."

"किसलिए?"

तो जरा अडखळला. "वही... डेड बॉडी के लिए."

"नहीं मिलेंगे."

"फिर ड्रिल कैसे होगा?"

"अपनी कॉलोनी से ले लो भैया. हमारे पारे से उठाने वाले आएँगे, मुर्दे नहीं आएँगे. और नाव इस साल हमारे यहाँ बँधेगी."

"ये तो ऊपर पूछना पड़ेगा."

"पूछ लो. हम आ रहे हैं."

नाव अजून मिळालेली नाही. पावसाळा तोंडावर आहे आणि नाला गाळाने भरलेला आहे. काका आता रस्त्यात दिसले की मान वळवतात. लॅबवाल्याने बोलावून समज दिली की शंकर नगरातली गिऱ्हाइकं तुटली तर तुझी गरज नाही. तुटू देत. ड्रिलच्या दिवशी मी त्या मैदानात जाणार आहे, पाऱ्यातल्या सगळ्या बायका घेऊन. आम्ही स्ट्रेचरच्या दांड्याला हात घालू. कोणी अडवलं तर शामियान्यासमोर उभ्या राहू आणि नाव मिळेपर्यंत हलणार नाही. खरं मरण आलं तर त्याच्याशी काय ते बघून घेऊ. पण या शहराच्या सोयीसाठी आमच्यातलं कोणी यापुढे खोटंसुद्धा मरणार नाही.