मोडीतली बारा नावं

बारा माणसं गोल टेबलाभोवती उभी होती. प्रत्येक ताटापुढे नावाचं कार्ड होतं, पण आपलं कोणतं ते एकालाही कळत नव्हतं. बँकेच्या मोठ्या साहेबांनी एक कार्ड उचललं, उलटं धरलं आणि म्हणाले, "ब्यूटिफुल." आर्किटेक्ट बाईंनी कार्डावर मोबाईल धरला. मोबाईलने भाषा अरबी असल्याचं सांगितलं.

कार्डं माझी होती. मी नागपुरात हाताने अक्षरं लिहायचं काम करते. लग्नपत्रिका, मानपत्रं, अलीकडे प्लेस कार्डं. कोणी कुठे बसायचं ते सांगणारी नावाची ही छोटी पट्टी. मोठ्या लोकांनी खुर्चीवरून रुसू नये म्हणून करतात.

हे जेवण नागपूरलगत बेसाला, सुधीरभाऊंच्या नव्या बंगल्यात होतं. सुधीरभाऊ बिल्डर. नव्या स्कीमला साहेबांच्या बँकेचं कर्ज हवं होतं. ऑर्डर त्यांच्या पत्नीची, रेवतीताईंची.

"नावं मोडीत हवीत," त्या म्हणाल्या होत्या.

मोडी म्हणजे जुने कागदपत्र ज्या लिपीत असत ती. हात न उचलता झरझर लिहायची. आज ती वाचणारे फार थोडे.

"पाहुण्यांना वाचता येणार नाही."

"वाचायचं कुठे आहे? फोटोत हेरिटेज दिसलं पाहिजे."

"खाली बारीक देवनागरीत लिहू का?"

"नको. आहेराच्या पाकिटासारखं दिसेल."

मी हातकागद आणला. कडा ओल्या करून हाताने फाडल्या, म्हणजे मऊ झालर येते. बोरूने नावं लिहिली. संत्र्याच्या पातळ चकत्या ओव्हनमध्ये वाळवून दोऱ्याने बांधल्या. बारा कार्डांना चार दिवस लागले.

जेवणाच्या दिवशी संध्याकाळी ती मांडत होते, तेव्हा आतल्या खोलीतून एक म्हातारे गृहस्थ आले. सुधीरभाऊंचे वडील, नामदेवराव. घरात त्यांना आबाजी म्हणत. काटोलला जमिनीच्या जुन्या मोडी नोंदी वाचण्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. त्यांनी चष्मा लावला आणि बाराही नावं घडाघडा वाचली.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. "ह्याच्यात मी नाही काय?"

"यादीत नव्हतं."

"असू द्या. सून म्हणते मले तिखट चालत नाही."

"चालत नाही का?"

"चालते ना. काहून नाही चालत?"

ते आत गेले. त्यांची खिचडी खोलीतच जाणार होती. मला राग आला, पण यादी गिऱ्हाइकाची असते.

मग केटररच्या माणसांनी ताटं लावताना कार्डं उचलली आणि हवी तशी परत ठेवली. रेवतीताई दारात साहेबांना सांगत होत्या, "आमच्या घरात मोडीची परंपरा आहे. सासऱ्यांकडून आली."

साहेबांनी ते लक्षात ठेवलं.

"मग वाचा ना," टेबलाशी सगळे अडले तेव्हा ते म्हणाले. "कार्ड असेल तिथेच बसू."

रेवतीताई हसल्या. मी पुढे झाले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

"सासरे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

सुधीरभाऊ आत गेले. आबाजी आले ते खिचडीचा हात पुसत. "काहून बोलावलं गा?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलाने टेबल दाखवलं.

आबाजी एकेक कार्ड वाचत फिरले. "बाई, तुम्ही इथं. सुधीर, तू इथं." अकरा जण बसले. उरली एक खुर्ची, एक कार्ड आणि साहेब. आबाजींनी ते कार्ड डोळ्यांजवळ नेलं. सावकाश वाचलं, "नामदेवराव." आणि खुर्ची ओढून बसले.

"साहेब, तुमचं नाव काही दिसून नाही राह्यलं," ते म्हणाले.

सासऱ्यांचं कार्ड केलंच नव्हतं, हे रेवतीताईंना पक्कं माहीत होतं. पण परंपरेचा मूळपुरुष यादीत नव्हता, हे साहेबांसमोर कसं सांगणार? त्या माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, साहेबांचं कार्ड?"

ते आबाजींच्या हातात होतं. मी स्वतः लिहिलेलं. आबाजी माझ्याकडे बघत होते. विनवणी वगैरे काही नव्हती. नुसते बघत होते.

"माझ्याकडून राहून गेलं," मी म्हटलं. "माफ करा."

सुधीरभाऊंनी आपली खुर्ची साहेबांना दिली आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. हनुवटी ताटाला लागत होती. आबाजींनी झणझणीत सावजी रस्सा दोनदा मागून घेतला. निघताना साहेबांनी आठवण म्हणून आबाजींचं कार्ड मागितलं. त्यांनी आनंदाने दिलं. साहेब स्वतःचंच नाव खिशात घालून घरी गेले.

रेवतीताईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

त्यांच्या भिशीतल्या दोन मैत्रिणींच्या ऑर्डरी दुसऱ्याच दिवशी रद्द झाल्या. मी 'साहेबांचं नाव विसरणारी' म्हणून बेसाभर प्रसिद्ध आहे.

तेव्हापासून कामाची यादी हातात आली की मी आधी विचारते, घरात राहतं कोण कोण? पुष्कळ गिऱ्हाइकं या प्रश्नालाच पळतात. बाकीच्यांची कार्डं मी देवनागरीत लिहिते.