चारशे पानांची बट्टी

आमच्या भाऊकीत लग्नाच्या जेवणाचा अंदाज वर्षानुवर्षं मीच काढत आलो. साक्रीजवळ पुतण्याच्या मुलीच्या हळदीला दाल-बट्टी ठरली. आमची माणसं दोनशेवीस, पाहुणे एकशेऐंशी, माणशी तीन बट्ट्या. मुलाने नुकत्याच दिलेल्या नव्या फोनवर मी नेहमीसारखंच दाबलं: दोनशेवीस अधिक एकशेऐंशी गुणिले तीन. सातशेसाठ. तेवढ्याचं पीठ काढून दिलं.

आचारी म्हणाला, "नाना, पीठ कमी शे. बठ्ठासले पुराव नही."

"सगळ्यांना का नाही पुरणार? मोबाईलपेक्षा तुला जास्त कळतं का?"

तिसऱ्या पंगतीत बट्टी संपली. पाहुणे पानावर बसून राहिले. कोणीतरी म्हणालं, "आचाऱ्याने पीठ घरी पोचवलं वाटतं." मी वरणाची बादली धरून तिथेच उभा होतो. मांडवामागे जाऊन जुन्या बटणांच्या फोनवर तेच दाबलं. बाराशे.

जुना फोन जसं दाबाल तसं मोजत जायचा; आधी बेरीज, मग तिला तीनने गुणायचा. नवा आधी गुणाकार करतो. कंचेभागुबेव मीही छडी खाऊन पाठ केलं होतं, त्या नियमाने नवाच बरोबर. मग जुन्यात वेगळी रीत कशाला ठेवली? एकाच माणसाच्या हातात दोन यंत्रं द्यायची आणि कोणी काही सांगायचं नाही. कंस टाकायचा म्हणे. कंसाचं बटण शोधायलाच मला नात लागते.

फोनवर मी घरात खूप चिडलो. पंगतीत मात्र तोंड उघडलं नाही. आचाऱ्याला भाऊकीतून बोलावणं बंद झालं, ते चार वर्षं.

यंदा नातवाचं लग्न ठरलं, तेव्हा मी आचाऱ्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो कढई घासत होता.

"मला एकट्याला काय सांगता, नाना? नाव पंगतीत गेलं. तिथे सांगणार असाल तर येतो."

तो आला. पानं वाढून झाली तसा मी उभा राहिलो. फोनपासून सुरुवात केली, तर पुतण्या म्हणाला, "नाना, फोनवर ढकलू नका."

"बरं, फोनचं राहू दे. पीठ मी कमी दिलं. याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि त्याला चोर म्हणाले तेव्हा मी गप्प बसलो."

पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "मंग आजना हिसाब कोनी कया?"

"आजचा हिशोब यानेच केला," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि बट्टी कुस्करायला घेतली.