नीलगंगेचा पंधरावा अर्ज

नीलगंगा कोळूर या बाईबद्दल लिहायचं तर आधी राग बाजूला ठेवायला हवा, आणि तो ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. अकरा वर्षांत तिनं संशोधनासाठी चौदा अर्ज केले. चौदाही माझ्या टेबलावरून गेले. मी रत्नव्वा अंगडी, विद्यापीठाच्या संशोधन विभागात अधीक्षक. माझा शिक्का बसल्याशिवाय इथून एकही अर्ज बाहेर पडत नाही, त्यामुळे या गोष्टीत माझे हात स्वच्छ आहेत असं कुणी समजू नये.

आमचं विद्यापीठ हुबळीहून बसनं दीड तासावर, काळ्या मातीच्या ऐन मध्यावर आहे. नीलगंगा वनस्पतीशास्त्राची डॉक्टर. नोकरी मात्र पाहुण्या प्राध्यापकाची. दर जूनमध्ये नेमणूक, दर एप्रिलमध्ये निरोप. सोळा वर्षं झाली तरी ती पाहुणीच. नवऱ्याची, फकीरप्पाची, पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आली तेव्हा गिरणीत बसून ती लोकांच्या डब्यांतली ज्वारी बघायची, आणि तिच्या लक्षात आलं की सगळी ज्वारी एक नसते. लाह्यांची वेगळी, हुरड्याची वेगळी, कडबूची वेगळी, बाळंतिणीला द्यायची वेगळी. मग ती गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या बायकांनी राखेत घालून जपलेलं बियाणं मूठमूठ मागून आणलं. त्रेसष्ट वाणं. सगळी तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत आहेत, कारण विभागातल्या थंड कपाटात आमचे प्राध्यापक लोक जेवणाचे डबे ठेवतात.

बियाणं काही कायम टिकत नाही. तीन-चार वर्षांनी ते पेरून नवं करावं लागतं, नाहीतर उगवण जाते. त्यासाठी जमीन लागते, मजूर लागतात, दोन-तीन वर्षांची उसंत लागते. म्हणजे अनुदान लागतं. मागच्या उन्हाळ्यात तिनं ओल्या फडक्यात दाणे घालून पाहिले, तर दहातले चार उगवले.

"अक्का, यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी या डब्यांत नुसतं धान्य राहील," ती मला म्हणाली. "भाकरी करून खायची मग."

तर अनुदान. ज्यांनी कधी मागितलं नाही त्यांना वाटतं, विद्वान माणसानं हुशारीचं काहीतरी लिहायचं आणि सरकारनं पैसे द्यायचे. आधी म्हणजे, योजना निघाली हे कळायला हवं. परिपत्रक येतं ते कुलसचिवांकडे. तिथून माझ्याकडे, माझ्याकडून अधिष्ठात्यांकडे, तिथून विभागप्रमुखांकडे, आणि ते सवडीनं सही करतात तेव्हा फळ्यावर. फळ्यावर लागतं तोवर मुदत संपून महिना झालेला असतो. म्हणून परिपत्रक हातात पडलं की मी आधी नीलगंगेला फोन करायचे आणि मग आवक नोंद घालायचे. हे नियमात बसत नाही. न बसू दे.

मग अर्ज. पैसे देणाऱ्या एका मंडळाला पाच प्रती बांधून हव्यात, दुसऱ्याला बांधलेल्या अजिबात चालत नाहीत. एकजण विचारतो, तिसऱ्या वर्षी तुम्हाला काय सापडेल ते दीडशे शब्दांत लिहा. सापडायचं ते आधीच ठाऊक असतं तर ही बाई उन्हातान्हात कशाला फिरली असती? मंडळ म्हणतं, विद्यापीठाचं संमतिपत्र असेल तर मंजुरी देऊ. विद्यापीठ म्हणतं, मंजुरी दाखवा, संमतिपत्र देऊ. एका वर्षी तर तिला कायम नोकरी नसल्याचा दाखला हवा होता, आणि आस्थापना विभागानं कळवलं की असे दाखले फक्त कायम कर्मचाऱ्यांना मिळतात. मी कपाळाला हात लावला. नीलगंगा हसली. तिचं हे हसणं मला कधीच सहन झालं नाही.

"चिडत का नाहीस गं तू?" मी विचारलं.

"चिडून कुठल्या रकान्यात लिहू, अक्का?"

चौदापैकी दोन अर्ज मंजूर झाले, आणि त्या पैशांतून बियाणं आधी दोनदा पेरून झालं. पण ते अर्ज सिद्रामप्पा बेळवणिकी सरांच्या नावावर. बेळवणिकी सर तिचे विभागप्रमुख. माणूस वाईट म्हणावा तर तसा नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं की आधी पोचणारा, विद्यार्थ्यांना स्वतःच्या खिशातून फी भरणारा. पण आमच्याकडे रीत अशी की कुठल्याही संशोधनाच्या आराखड्यावर मुख्य संशोधक म्हणून थोरल्या माणसाचं नाव वर. काम करणाऱ्याचं खाली, आणि कधीकधी तेही नाही. त्यासाठी पहिलं पानच ठरलेलं आहे, माझ्या कपाटात त्याचा गठ्ठा असतो. वर सरांचं नाव छापलेलंच, खाली एक रिकामी ओळ. सरांनी कधी मागितलं नाही आणि कधी नकोही म्हटलं नाही. घरात जसं थोरल्याला आधी वाढतात तसं ते चालत आलं.

यंदा मे महिन्यात बेंगळूरच्या एका मंडळाची नवी फेलोशिप निघाली. कायम नोकरी नसलेल्या स्त्री संशोधकांसाठी, तीन वर्षांची. वर पेरणीसाठी मंडळाच्याच शेतावर दोन एकर जमीन. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. मुदत तीस जून. नीलगंगेला नऊ जुलैला पंचेचाळीस पूर्ण व्हायची होती. मी परिपत्रक वाचलं आणि चप्पल अडकवून तडक गिरणीत गेले.

"ही तुझ्यासाठीच काढलीय बघ," मी म्हटलं.

फकीरप्पानं गिरणी बंद केली. एरवी दळण चालू असताना तो कुणाला बोलू देत नाही. "अक्का, ही शेवटची ना?" त्यानं विचारलं.

"शेवटची. पुढच्या वर्षी वय बसायचं नाही."

तिनं जीव तोडून लिहिलं. त्रेसष्ट वाणांची नावं, गावं, कोणत्या बाईनं दिलं, त्या बाईचं वय. सहा बायका आता हयात नाहीत, हेही लिहिलं. मी पानांवर आकडे घातले, सह्या तपासल्या, शिक्के मारले. सरांच्या सहीला मी स्वतः गेले. सर म्हणाले, "आमच्या तंगीचं का? आण इकडे." तिला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. न वाचता सही केली आणि मला चहा पाजला. अठ्ठावीस जूनला अर्ज गेला. मी त्या दिवशी घरी गोड केलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. ते मी तीनदा वाचलं.

"सदर योजना केवळ स्त्री संशोधकांसाठी आहे. अर्जदार म्हणून डॉ. नीलगंगा कोळूर यांचं नाव असलं तरी सोबतच्या आराखड्यात मुख्य संशोधक म्हणून प्रा. सिद्रामप्पा बेळवणिकी यांचं नाव आहे. ते स्त्री असल्याचा पुरावा जोडलेला नाही. काम नेमकं कोणाचं, याचा लेखी खुलासा मुख्य संशोधकांनी पंधरा दिवसांत करावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल."

मी आधी हसले. मग आराखड्याची प्रत काढून पाहिली. बायकांच्या फेलोशिपच्या आराखड्यावर झुपकेदार मिशांच्या माणसाचं नाव वर, आणि ते नीलगंगेनं पाहिलं, सरांनी त्याखाली सही केली, मी पाहिलं, एकालाही खटकलं नाही. पानांचे आकडे दोनदा तपासणारी मी. ठरलेलं पान माझ्याच कपाटातलं.

नीलगंगेला बोलावून मी तिच्यावरच तोंड सोडलं. "सोळा वर्षं शिकवतेस, अक्कल गहाण ठेवलीस का? बायकांची योजना आहे एवढं तरी बघायचंस."

"तुम्हीच पान दिलंत, अक्का."

"मी दिलं म्हणून भरायचं?"

"मग काय खोडायचं? सरांचं नाव खोडून त्यांच्याकडेच सहीला पाठवायचं?" ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. मग खाली बसली आणि म्हणाली, "डब्यांचं काय करू आता ते सांगा."

मला तिचा राग येत होता, सरांचा येत होता, मंडळाचा येत होता. सगळ्यांत जास्त स्वतःचा येत होता, म्हणून मी सरांकडे गेले.

सरांनी पत्र वाचलं. पुराव्याच्या ओळीवर थांबले आणि कानापर्यंत लाल झाले. "लिहून देतो की," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा माझ्याकडे पाठवला. त्यात होतं की प्रकृतीच्या कारणामुळे आपण हे काम डॉ. कोळूर यांच्याकडे सोपवत आहोत. मी तो कागद परत घेऊन गेले.

"सर, हे चालायचं नाही. सोपवायला काम तुमचं होतं असं होतंय यातून. म्हणजे अर्ज गेलाच."

"मग काय लिहू?"

"खरं लिहा."

सरांनी खुलाशाचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "रत्नव्वा, एकवीस वर्षं माझे कागद तू लावतेस. कधी बोलली नाहीस."

"आता बोलतेय," एवढंच मी म्हटलं, आणि तेही पडेल आवाजात.

त्यांनी माझ्यासमोर हातानं लिहिलं: या संशोधनासाठी मी एकाही गावाला गेलेलो नाही. एकही वाण मी गोळा केलेलं नाही. सर्व काम डॉ. नीलगंगा कोळूर यांचं आहे. माझं नाव विभागाच्या प्रथेनुसार घालण्यात आलं. सही केली, तारीख घातली. मला वाटलं, सुटलो.

मंडळ कसलं सुटू देतंय. दहा दिवसांत उलट टपाली पत्र. खुलासा ग्राह्य, अर्ज मुदतीत आल्यामुळे वय ग्राह्य, डॉ. कोळूर यांची निवड करण्याचं योजिलं आहे. मात्र प्राध्यापकांनी प्रथेचा उल्लेख केला असल्यामुळे, त्यांच्या नावावरील मागील सर्व प्रकल्पांची यादी, प्रत्येकात प्रत्यक्ष काम कोणी केलं त्या नावांसह, प्राध्यापकांच्या सहीनं सादर करावी. यादी आल्याशिवाय निवडपत्र दिलं जाणार नाही. मुदत दहा सप्टेंबर.

एका पत्राची गोष्ट वेगळी. सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते, त्यांचा गौरवग्रंथ छापायला गेला होता, आणि त्यात अकरा प्रकल्पांना आठ पानं होती. ही यादी एकदा सही होऊन बाहेर गेली की ती आठ पानं कुणाच्या तोंडानं वाचायची? आणि सही नाही झाली तर नीलगंगेचे डबे संपले. तिला सांगितलं तर म्हणाली, "राहू द्या अक्का. सरांना या वयात असं उघडं पाडून मला पेरायचं नाही."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तुझ्या याच गुणामुळे सगळ्यांचे लाड झाले."

यादी करायला मी बसले. मला वाटलं होतं, जुन्या फायली काढाव्या लागतील, आठवडा जाईल. फायलींत नावं नव्हतीच, आणि त्यांची गरजही पडली नाही. पहिला प्रकल्प, शिवलीला पट्टेद, आता हुबळीत साड्यांचं दुकान. दुसरा, मौनेश बडिगेर, विमा विकतो. तिसरा, खाजाबी नदाफ, शाळेत शिकवते. हातानं सरसर लिहीत गेले. प्रत्येकजण कधी ना कधी माझ्या टेबलासमोर उभा राहिला होता, प्रत्येकाला मी ते ठरलेलं पान काढून दिलं होतं. आठवा आणि नववा, नीलगंगा कोळूर. अर्ध्या तासात अकरा ओळी झाल्या. मला सगळं पाठ होतं, आणि ही गोष्ट मला फार लागली.

नऊ तारखेला यादी सरांपुढे ठेवली. काय काय बोलायचं ते मनात जुळवून गेले होते. सरांनी चष्मा लावला आणि एकेक नाव बोटानं खाली सरकत वाचलं. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता कागद बाजूला सारतात.

"सहाव्यात मल्लेशीचं नाव घातलंस," ते म्हणाले. "मल्लेशी नंतर आला. सुरुवातीची दोन वर्षं ललितव्वा हूगार होती. तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. सगळी पानं तिनंच लिहिली होती. अक्षर सुरेख होतं तिचं."

"मला माहीत नव्हतं, सर."

"मला होतं," सर म्हणाले.

त्यांनी पेन उघडलं, मल्लेशीच्या वर तिचं नाव लिहिलं, शेजारी छोटी सही केली, मग पान उलटून खाली मोठी. मी शिक्का मारला. चहाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही थांबले नाही. त्याच दुपारच्या टपालानं यादी गेली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या शेतावर त्रेसष्ट वाणांच्या त्रेसष्ट ओळी पेरल्या गेल्या. सत्तावन्न उगवल्या. सहा वाणं गेली. एक वर्ष आधी पेरली असती तर ती जगली असती, असं नीलगंगा म्हणते. मागच्या वर्षी नामंजूर होऊन परत आलेल्या तिच्या चौदाव्या अर्जावर वर कुणाचं नाव होतं आणि ते पान तिला कोणी काढून दिलं होतं, हे ती म्हणत नाही.