बेटानं ऐकलं

आमच्या बेटावर सरकार कधी आलं नाही. यायचा तो सरकारचा आवाज, तोही पाण्यावरून. वसमतच्या बाजूला पूर्णेचे एके ठिकाणी दोन फाटे होतात आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा एक होतात. मधे उरलेल्या जमिनीवर आमची वस्ती होती. बोटांवर मोजावीत एवढी घरं, थोड्या म्हशी, बाभळी आणि भरपूर वाळू. पावसाळा लागला की दोन्ही अंगांनी पाणी. काठावरचं मोठं गाव आम्हाला 'बेटकर' म्हणायचं, आणि म्हणताना नाक जरा वर करायचं. चावडी त्यांच्याकडं, पाटील त्यांच्याकडं, बाजाराची वाटही त्यांच्याकडूनच. राज्य निजामाचं होतं म्हणे. पण निजाम कुठं असतो असं आमच्यातल्या कुणाला विचारलं असतं, तर त्यानं चावडीकडं बोट दाखवलं असतं.

हुकूम आला की दवंडीवाला काठावरच्या काळ्या खडकावर उभा राहून हलगी वाजवायचा आणि ओरडून सांगायचा. तो नदी ओलांडत नसे. "मला दवंडी द्यायला ठेवलंय, पोहायला न्हाई," असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. सांगून झालं की तो विचारायचा, "बेटकर, ऐकलं का?" मग आमच्या अंगानं माझा काका दोन्ही हात तोंडाशी धरून उत्तर द्यायचा, "ऐकलं होऽ, ऐकलं!" हे उत्तर घेऊन दवंडीवाला चावडीत जायचा आणि सांगायचा, "बेटानं ऐकलं." एकदा बेटानं ऐकलं की आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय कुणालाच राहत नसे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आवाज असा की काठावरची गुरं मान वर करत. पाणी वाढलं की भोपळ्यांची सांगड तोच हाकायचा. सुक्या भोपळ्यांवर बांबू बांधलेला तो तराफा आमची बैलगाडी, आमची सडक, सगळं काही होता. त्यामुळं नदीपलीकडचं मीठ असो की हुकूम, दोन्ही काकाच्याच हातून यायचं.

दवंडी ऐकून झाली की तो घरोघर फिरायचा. आत यायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून "सरकारचा सांगावा" असं म्हणून सुरुवात करायचा, हुकूम सांगायचा आणि थांबायचा. घरातून कुणीतरी "ऐकलं" म्हटल्याशिवाय तो पुढच्या दारी जात नसे. हे "ऐकलं" म्हणायचा मान बहुतेक घरांत लेकरांना असे. आमच्या घरात तो माझा. काकाची चाहूल लागली की मी हातातलं टाकून दारात धावायची.

हुकूम तरी काय काय असायचे! रस्त्यात गाड्या उभ्या करू नका. आमच्याकडं रस्ता नव्हता आणि गाडीही नव्हती. विहिरींत औषध टाकणार आहेत, दोन दिवस पाणी भरू नका. विहीर कुठली, आम्ही नदी प्यायचो. दूर कुठं लढाई लागली आहे, राकेल जपून वापरा. त्यावर माझी माय म्हणायची, "आपल्याकडं जपाया हाय कुठं?" काका हे सगळं गंभीर चेहऱ्यानं सांगायचा आणि जाताना मला डोळा घालायचा. मला काका फार आवडायचा. वडिलांपेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल. वडील मुके नव्हते एवढंच. बोलणं मात्र काकाचं.

एका वर्षी पटकीच्या साथीत सुईवाले आले. त्यांनी काठावरच्या लोकांना ओळीनं उभं करून टोचलं. दंड सुजले, ताप आले, गावभर कण्हणं सुरू झालं. ते पाहून बेटावरची थोरामोठी माणसं लव्हाळ्यात जाऊन बसली आणि सुईवाले परत गेले तेव्हाच बाहेर आली. तेव्हापासून सुई म्हटलं की आमचं बेट चिडीचूप. वाघाला घाबरलो नसतो एवढे आम्ही सुईला घाबरायचो. नेमकं हेच काकाला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. ताप आला आणि गेले. काकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून मायला सांगितलं, "वैनी, मी हाय ना. काळजी कायची करून राहिल्या?" माय त्या शब्दावर उठून कामाला लागली.

काम म्हणजे शेपटी. बेटाच्या खालच्या टोकाला पूर ओसरला की नदी ताजा गाळ टाकून जायची. त्या तुकड्याला आम्ही शेपटी म्हणायचो. कार्तिकात तिथं वाळूत खड्डे करायचे, तळाशी शेणखत घालायचं, टरबुजाचं आणि खरबुजाचं बी टोचायचं आणि रोज घागरीनं पाणी द्यायचं. चैत्रात वसमतच्या बाजारात आमच्या टरबुजाला गिऱ्हाईक हाका मारत यायचं. बेटावर दुसरीकडंही गाळ पडायचा, पण शेपटीसारखा नाही. ती वडिलांच्या नावावर होती. आम्हा मायलेकींना वर्षभर जगवणारी तीच एक जागा.

आश्विनात हलगी वाजली. नदी अजून भरलेली होती, पाण्याच्या आवाजात मला हलगीशिवाय काही कळलं नाही. काका बराच वेळ कान देऊन उभा होता. मग त्यानं नेहमीसारखं उत्तर दिलं, "ऐकलं होऽ, ऐकलं!" आणि घरोघर निघाला.

आमच्या दारी येऊन म्हणाला, "सरकारचा सांगावा. बाजाराच्या दिशी चावडीत सुईवाले येऊन राहिले. ज्याला टोचून घ्यायचं त्यानं यावं." एवढं बोलून त्यानं मला डोळा घातला. मी हसत हसत, खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐकलं!"

बाजाराच्या दिवशी बेटावरून एक माणूस हलला नाही. काका मात्र सकाळीच सांगड घेऊन निघाला. "मीठ संपलं वैनी, जाऊन येतो. मला टोचलं तर टोचू द्या," म्हणाला. शेजारची म्हातारी म्हणाली, "किती करतो बिचारा साऱ्यांसाठी." मीठ त्यानं खरंच आणलं. आम्हालाही मूठभर दिलं.

कार्तिकात पाणी उतरलं. वडिलांनी सुक्या दुधी भोपळ्यात साठवून ठेवलेलं बी मायनं पदरात बांधलं, मी कुदळ घेतली आणि आम्ही शेपटीवर गेलो. तिथं काका खड्डे करत होता. कडेनं नव्या खुंट्या ठोकलेल्या. मायला आधी वाटलं, दीर मदतीला आला. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी काहून तकलीफ घेतली?"

काका कुदळ टेकवून उभा राहिला. त्यानं मायकडं पाहिलं नाही. "जागा आता माझ्या नावावर हाय वैनी. चावडीत झालं. तुमी रोजानं येत जा, मी न्हाई म्हननार न्हाई."

मायच्या पदराची गाठ तिच्या हातातच राहिली.

मग कळलं ते असं. आश्विनातली दवंडी सुईची नव्हतीच. गाळाच्या जागेचा धनी मेला असेल, तर त्याच्या वारसानं बाजाराच्या दिवशी चावडीत जातीनं उभं राहावं. वारस न आला तर जागा हजर असलेल्या भाऊबंदाला मिळेल, असा हुकूम होता. त्या वर्षी बेटावर मेलेला धनी एकच, माझे वडील. म्हणजे ती दवंडी साऱ्या बेटात फक्त आमच्या घरासाठी होती. आणि आमच्याच घरच्या माणसानं ती वाटेत गिळली. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.

माय चावडीत गेली. काकाच्या सांगडीला तिनं पाय लावला नाही. कमरेएवढ्या पाण्यातून, माझा हात धरून गेली. पाटलानं काकाला आणि बेटावरच्या शेजाऱ्यांना बोलावून घेतलं, दवंडीवाल्यालाही. तो म्हणाला, "म्या इचारलं, मयताच्या वारसानं ऐकलं का? तिकडून उत्तर आलं, ऐकलं. मयताच्या भावाचाच आवाज व्हता मालक."

पाटलानं काकाकडं पाहिलं. काका म्हणाला, "म्या दारात जाऊन दोनी गोष्टी सांगितल्या. बाजारात ऐकलेली सुईची बी आन् हुकमातली जागेची बी. ह्यांच्या ध्यानात सुईच राहिली. पोरगी ऐकलं म्हनली का न्हाई, तिलाच इचारा."

सगळी चावडी माझ्याकडं वळली. पाटील माया करून म्हणाला, "बाळे, भ्यायचं न्हाई. तू ऐकलं म्हनलीस का?"

मी म्हणाले, "व्हय, पन सुईचं..."

"झालं तर मग," पाटील म्हणाला.

माझं पुढचं बोलणं कुणी ऐकलं नाही. मायनं बेटावरच्या शेजाऱ्यांकडं पाहिलं. त्यांच्याही दारी काकानं सुईच सांगितली होती. त्यांतला एक पुढं आला, टोपी नीट करत म्हणाला, "आमाला सुईचं बराबर ध्यानात हाय. बाकीचं काय सांगता येत न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचं काही गेलं नव्हतं, आणि पावसाळ्यात सांगड काकाचीच होती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? कुंपणानं शेत खाल्लं आणि बांधावरचे लोक कुंपणाला धरून उभे राहिले. मला काकाचा राग येतो तेवढाच त्यांचाही येतो, आजही.

त्यानंतर माय लोकांच्या हळदीत कामाला जाऊ लागली. हळद शिजवायच्या दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. परसात तिनं दुधीचे वेल लावले, भोपळे वाळवले आणि पुढच्या पावसाळ्याआधी स्वतःची सांगड बांधली. बायकांनी सांगड हाकायची पद्धत आमच्यात नव्हती. पहिल्या दिवशी ती भोवऱ्यात फिरली तेव्हा काठावरची माणसं हसली. दुसऱ्या आठवड्यात त्यातलीच दोघं तिला म्हणाली, "बाई, आमालाबी नेता का?" वडिलांचं बी मात्र तिनं कुठंच लावलं नाही.

काकाचं घरोघर फिरणं चालूच राहिलं, कारण दुसरा तसा आवाज बेटावर नव्हता. तो आमच्या दारीही यायचा. रीतच होती, एक दार सोडलं तर सांगावा पुरा होत नसे. "सरकारचा सांगावा" म्हणून हुकूम सांगायचा आणि थांबायचा. माय हातातलं काम थांबवत नसे. पहिल्या वेळी सवयीनं माझं तोंड उघडलं, तशी तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. आमच्या घरातून पुन्हा "ऐकलं" गेलं नाही. काका थोडा वेळ उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि जायचा. डोळा घालणं त्यानं सोडलं होतं.  खोटं सांगितलं त्या दिवशीही त्यानं तो तितक्याच मायेनं घातला होता.

अठ्ठेचाळीस सालच्या भाद्रपदात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. ते वर्ष वाईट गेलं. काठावरची गावं भीतीनं ओस पडली होती, बाजार मोडले होते, कोण कधी येईल आणि काय जाळून जाईल याचा भरवसा नव्हता. अशात एका दुपारी हलगी वाजली. तिचा ठेका नेहमीचा नव्हता; लग्नात वाजवावी तशी वाजत होती. नदी तुडुंब. आम्हाला शब्द कळेनात. काकाचं उत्तर मात्र ऐकू आलं, आणि ते देताना त्याचा आवाज फाटला.

आमचं दार त्याच्या वाटेवर पहिलं होतं. तो आला तेव्हा धापा टाकत होता. म्हातारा झाला होता तोवर. सवयीनं "सरकारचा..." म्हणाला आणि अडखळला. आता कोणत्या सरकारचा, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. मग म्हणाला, "वैनी, निजामाचं राज गेलं. आपन हिंदुस्थानात गेलो. आता भ्यायचं काम न्हाई." आणि रडायला लागला.

 बाळ मांडीवर झोपलं होतं, त्याला मी घट्ट धरलं. माय सांगडीचा दोर वळत होती. तिचे हात थांबले. शेपटी गेल्यापासून ती पहिल्यांदाच काकाशी बोलली.

"भाऊजी, शेपटीचा सांगावा आमच्या दारी यायचा राह्यलाय. आधी तो सांगा. मंग ह्यो सांगा."

काकानं तोंड उघडलं. ज्याचा आवाज पाण्याच्या एवढ्या आवाजावरून पलीकडं जायचा तो माणूस, दोन हातांवर बसलेल्या बाईला चार शब्द सांगू शकला नाही. त्याला तो हुकूम पाठ असणार, मला खात्री आहे.  मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. मी खाली मान घालून बाळाचं टोपडं नीट करत राहिले.

मायनं दोर पुन्हा वळायला घेतला.  मग आमच्या घराच्या वतीनं काकानंच हळू आवाजात म्हटलं, "ऐकलं." आणि डोळे पुसून पुढच्या दारी गेला.