पाव्हणे आले का ते पडते

निखिलने शेवटची स्लाइड लावली आणि म्हणाला, "उद्या सकाळी हिला झोपवायचं आहे. मालकांनी हो म्हटलंय. केस क्लोज."

झोपवायचं म्हणजे आमच्या भाषेत कायमचं. भुलीच्या औषधाचा इतका मोठा डोस की जनावर पुन्हा उठत नाही. आजार बरा होण्यासारखा नसेल आणि हाल थांबत नसतील, तर आम्ही ते करतो. कुणालाच आवडत नाही. निखिलने ते वाक्य भिंतीकडे बघत म्हटलं.

मी वर्ध्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. सुरुवातीला लोक दारातूनच विचारायचे, "म्हशी नाई पाहत का तुमी?" नाही म्हटलं की माझी कीव करून परत जायचे. आता जिल्ह्यात फक्त लहान जनावरं पाहणारे आम्ही बरेच झालो आहोत. महिन्यातून एका रविवारी सगळे माझ्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. आधी तर्री-पोहे, मग एक केस, मग नागपूरहून आलेल्या तज्ज्ञाचं लेक्चर. सरकारी भाषेत याला निरंतर शिक्षण म्हणतात. कॉलेज सुटल्यावरही औषधं बदलत राहतात, कालचं बरोबर आज चूक ठरतं, ते कळत राहावं म्हणून हा खटाटोप. लेक्चर हल्ली फोनवरही मिळतं. केसची चर्चा मात्र आमचीच, आणि तिचा मला फार अभिमान आहे. कारण तिचा एकुलता एक नियम मी घातला आहे.

नियम असा. मालकाची तक्रार मालकाच्याच शब्दांत सांगायची. तो वऱ्हाडीत बोलला असेल तर वऱ्हाडीत, हिंदीत बोलला असेल तर हिंदीत. आपलं इंग्रजी त्यानंतर. मालक म्हणतो, "खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येते," आणि आपण कागदावर 'व्हॉमिटिंग' लिहून मोकळे होतो. खरं तर पोटातून उलटी होणं वेगळं आणि अन्ननळीतून घास परत येणं वेगळं. दोन्हींचे आजार वेगळे, औषधं वेगळी. पोरं माझ्या नियमाला 'मॅडमचा मराठी तास' म्हणतात. म्हणू देत.

निखिलच्या स्लाइडवर मराठीचा एक शब्द नव्हता. पोरगा हुशार, पुलगावात दवाखाना, वाचन दांडगं. केस अशी होती: टिकली नावाची कुत्री, नाचणगावच्या ठाकरे गुरुजींची. तरुण, गावठी, कपाळावर पांढरा ठिपका. खात नाही, उलट्या करते, पायावर उभी राहत नाही. याआधीही अशी अनेकदा आजारी पडलेली. प्रत्येक वेळी गावातल्या एकाकडून सलाईन आणि सुई झाली की ठणठणीत. या वेळी मात्र रोज निखिलकडे आणून सलाईन लावूनही दिवसेंदिवस खचत चाललेली. रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, भरपूर वाढलेला. निष्कर्ष: किडनी गेली.

आणि पहिल्याच स्लाइडवर, तक्रारीच्या जागी, 'डायटरी इनडिस्क्रिशन'. म्हणजे नको ते खाणं.

"हे कोण बोललं?" मी विचारलं.

"काय, मॅडम?"

"डायटरी इनडिस्क्रिशन. नाचणगावात असा कोणता मालक आहे?"

हॉलमध्ये हशा पिकला. निखिलचे कान लाल झाले. त्याने फोनमधली नोंद काढली आणि वाचली, "गुरुजी म्हणाले, 'पाव्हणे आले का ते पडते.'"

आता आणखी मोठा हशा. हा विनोद बाहेरच्यांना कळायचा नाही. आमच्याकडे पाहुणे आले म्हणजे मटण आलं, मटण आलं म्हणजे हड्डी आणि तर्री कुत्र्याच्या ताटलीत गेली. दुसऱ्या दिवशी ते कुत्रं आमच्या टेबलावर. त्यामुळे पाहुणे हा शब्द कानावर पडला की आमचा हात आपोआप पोटाच्या औषधाकडे जातो.

"बरोबरच लिहिलं त्यानं," वानखेडे सर म्हणाले. हे आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, सरकारी नोकरीतून निवृत्त. "मटणाले इंग्रजीत हेच म्हणते."

"मी विचारलं होतं, मॅडम," निखिल म्हणाला. "गुरुजी म्हणतात काहीच दिलं नाही. पण सगळेच मालक तसंच म्हणतात ना?"

हेही खरं. या बाबतीत आम्ही मालकावर काडीचा विश्वास ठेवत नाही.

मला मात्र ते वाक्य खटकलं. ते पडते. खाते, ओकते, हगते असं काही नाही. पडते.

"फोन लाव त्यांना," मी म्हटलं. "स्पीकरवर."

"मॅडम, सकाळपासून रडून राह्यले ते. आता काय विचारू?"

"तू लाव. मी विचारते."

गुरुजींनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी कोण ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "गुरुजी, पाहुणे आले की टिकलीला खायला काय असतं?"

"काय असन, मॅडम? पोळी अन् दूध. आमी महानुभाव. आमच्या घरात अंडंबी येत नाई. सतरा वेळा सांगतलं जी मी डॉक्टरले."

वानखेडे सरांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"पाहुणे नसताना कधी पडली?"

"पडली ना. गणपतीत दारासमोर बँड वाजला तई पडली. आमी हिंगणघाटले लग्नाले गेलतो, तिले शेजाऱ्याच्या घरी ठेवलं, तई पडली. मले तं वाटे, नाटक करून राह्यली." मग म्हणाले, "मॅडम, आमच्या मंडळीले चालता येत नाई. दिवसभर ते अन् टिकली. मी बाजारात गेलो अन् इकडं काही झालं, तं भुकून भुकून टिकलीच शेजाऱ्याले बोलावते. उद्यापासून मी काय करू, तेच समजत नाई."

पाहुणे, बँड, परकं घर. तिन्हींत खाण्याचा संबंध नव्हता. तिन्हींत कुत्री घाबरलेली होती.

मग मी निखिलला विचारलं, "हार्ट रेट किती होता?" हा प्रश्न माझा. तेवढं श्रेय मी घेते.

त्याने कागद पाहिला. "चौसष्ट."

हे लक्षात घ्या. कुत्रं इतकं खचलेलं असेल, अंगातलं पाणी आटलेलं असेल, तर काळीज धावत सुटायला हवं. दीडशे, कधी त्याच्याही वर. चौसष्ट हा उन्हात पहुडलेल्या, पोट भरलेल्या कुत्र्याचा आकडा आहे. निखिललाही ते बोलता बोलताच कळलं. त्याने आकडा पुन्हा वाचला, जरा हळू.

नागपूरचे पाहुणे डॉक्टर इतका वेळ लॅपटॉप उघडून आपल्या लेक्चरची वाट पाहत होते. त्यांनी लॅपटॉप मिटला. "गावातला तो माणूस सलाईनबरोबर सुई कशाची द्यायचा?"

"स्टेरॉइडची," निखिल म्हणाला. "सगळ्यांना तीच देतो. म्हणून तर मी दिली नाही."

आणि तिथे गाठ सुटली.

किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. ताण आला की शरीराला तोलून धरणारं एक संप्रेरक त्या सोडतात. दुसरं एक संप्रेरक रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, सांभाळतं. या ग्रंथी वाळल्या की त्या आजाराला ॲडिसन म्हणतात. एरवी जनावर कसंबसं चालतं. घरात गडबड झाली की शरीर ग्रंथींकडे हात पसरतं, तिथे काही नसतं, आणि ते कोसळतं. रक्तात पोटॅशियम साचतं, त्याने काळीज मंदावतं. अंगातलं पाणी कमी झाल्याने किडनीचे आकडेही बिघडतात, किडनी चांगली असूनही. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की जनावर उठून उभं राहतं. गावातला माणूस काहीही न कळता बरोबर औषध देत होता. निखिलने शिकल्यासारखं वागून ते टाळलं, आणि कुत्री उठली नाही.

"पण ॲडिसन? गावठी कुत्रीत?" वानखेडे सर म्हणाले. "मी जन्मात पाहिला नाई."

"तपासला होता का कधी, सर?" मी विचारलं.

सर हसले. "नाई बाप्पा. म्हणूनच पाहिला नसन."

मी गुरुजींना म्हटलं, "टिकलीला घेऊन आत्ता वर्ध्याला या."

"आत्ता? पण उद्या तं..."

"उद्याचं राहू द्या. गाडी करा आणि निघा."

टिकली आली ती गोधडीत गुंडाळलेली, डोळे उघडे पण कुणाकडे न पाहणारे. मी ईसीजीच्या पट्टीवर काळजाचे ठोके पाहिले. पोटॅशियम वाढल्यावर जशा उंच, टोकदार लाटा दिसतात तशाच होत्या. ओळखीच्या लॅबवाल्याने रविवार असून शटर उघडलं. पोटॅशियम भयंकर वर, सोडियम खाली. संप्रेरकाच्या तपासणीसाठी रक्त आधी काढून घेतलं, कारण स्टेरॉइड दिल्यावर ती तपासणी बिघडते. निखिलने इतके दिवस ते दिलं नव्हतं, त्यामुळे नमुना स्वच्छ मिळाला. मी हे त्याला मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं.

मग काळजाला जपणारं इंजेक्शन, सलाईन, आणि शेवटी स्टेरॉइड. त्या दिवशी लेक्चर झालंच नाही. लेक्चर द्यायला आलेले डॉक्टर सलाईनची बाटली धरून उभे होते, कारण माझा स्टँड दुसऱ्या पेशंटला लावलेला होता. वानखेडे सर खुर्ची टेबलाजवळ ओढून नाडीवर बोट ठेवून बसले. जेवायला कुणी गेलं नाही. मी त्या टेबलाभोवती पाहिलं आणि मला माझ्या माणसांचा इतका अभिमान वाटला की काहीतरी शोधायच्या निमित्ताने मी कपाटाकडे वळले.

संध्याकाळी टिकली उठून बसली. मग चटईवर भरपूर मुतली. आमच्या धंद्यात ही आनंदाची बातमी असते: किडनी चालू आहे. निखिल फडकं घेऊन ती पुसत होता आणि हसत होता. गुरुजींनी टिकलीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि तिने त्यांची मनगटं चाटली.

नागपूरहून रिपोर्ट आला. संप्रेरक जवळजवळ शून्य. युरिया, क्रिएटिनिन एव्हाना उतरणीला लागले होते. टिकलीला आता जन्मभर गोळ्या आहेत, माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळणाऱ्या. गुरुजी त्या गुळात घालून देतात.

त्या रविवारनंतर निखिल मला म्हणाला, "मॅडम, मी एक चांगलं कुत्रं मारलं असतं."

"मारलं नाहीस."

"पण चुकलो ना."

"चुकलास. आणि हातची गेलेली केस सगळ्यांसमोर मांडलीस. ती बंद होती, कुणी विचारणार नव्हतं. चकाचक बरी झालेली केस दाखवायला काय लागतं? ते आम्ही सगळेच करतो."

नंतर राज्यभरातल्या डॉक्टरांसमोर त्याने ही केस मांडली. पहिल्या स्लाइडवर गुरुजींचं वाक्य होतं, वऱ्हाडीत, जसंच्या तसं. भाषांतर नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होते, "आमच्या वर्ध्याचा आहे."

मध्यंतरी मी गुरुजींच्या घरी गेले. परसात ताज्या मातीची एक जागा दिसली, मध्ये लिंबाचं रोप. मी विचारलं तेव्हा गुरुजी जरा ओशाळले. "तो खड्डा टिकलीसाठी खांदून ठेवला होता, मॅडम. बुजवावा कायले, म्हणून झाड लावलं. पण हे बाई ते जगू देत नाई."

टिकली त्या वेळी मन लावून तेच रोप उकरत होती. माती माझ्या साडीवर उडाली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम दोन झाले. दुसरा असा: झोपवायचं इंजेक्शन भरण्याआधी केस एकदा चार जणांसमोर मोठ्याने सांगायची. चौघं हसले तरी चालेल. खड्डा खणायला घाई नसते.